रबाळ्यातल्या कारखान्यातली एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी: चौथ्या महिन्यातला पेच

(उमेदवार, कारखाना आणि इतरांच्या ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.)

पार्श्वभूमी

उमेदवार कळव्याचा, वय एकोणीस. शासकीय आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन ट्रेडची दोन वर्षं पूर्ण केलेली. ऑगस्ट २०२२ मध्ये तो रबाळे एमआयडीसीतल्या, प्लास्टिकचे डबे आणि झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागला. आयटीआय झालेल्या इलेक्ट्रिशियनला एक वर्ष करावं लागतं, तेवढाच करार होता. वडील रिक्षा चालवतात. रोजचा प्रवास कळवा ते ठाणे लोकलने, मग ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या फलाटावर जाऊन ट्रान्स हार्बरने रबाळे.

कारखान्यात कंत्राटी कामगार धरून १८० माणसं. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ आणि त्याखालच्या नियमांप्रमाणे तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. १८० चे अडीच टक्के म्हणजे साडेचार. कारखान्याने मोजून पाच घेतले होते: दोन इलेक्ट्रिशियन, दोन फिटर, एक मशिनिस्ट. मुलाखतीला जाताना हा हिशेब प्रत्येक उमेदवाराने मनात करून पाहावा. अगदी काठावरचा आकडा भरणारा कारखाना वाईटच असतो असं नाही, पण तिथे 'या पोरांना शिकवायचं काय' हे कुणी आधी ठरवलेलं असेल, अशी अपेक्षा धरू नये.

विद्यावेतन महिना ७,००० रुपये. २०१९ च्या सुधारित नियमांत आयटीआय प्रमाणपत्रधारकासाठी त्या वेळी हीच किमान रक्कम होती. या कायद्याखालचा उमेदवार कामगार धरला जात नाही, प्रशिक्षणार्थी धरला जातो. त्यामुळे पीएफ आणि ईएसआय लागू नाही, पगारातून काही कापलं जात नाही. कामावर इजा झाली तर नुकसानभरपाईचा हक्क मात्र आहे. घरी हे आधीच समजावून सांगितलेलं बरं, कारण शेजारच्या मुलाची पगाराची पावती आणि आपल्या मुलाची पावती यांची तुलना पहिल्याच महिन्यात सुरू होते.

देखभाल विभागात एक इन्चार्ज आणि प्रत्येक पाळीत दोन वायरमन. त्यातल्या सर्वात जुन्या वायरमनला सगळा कारखाना 'मामा' म्हणतो. वीज महावितरणची, २२ केव्हीवर उच्चदाब जोडणी, आवारात ५०० केव्हीएचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर.

समस्या

पहिल्या चार महिन्यांत उमेदवाराने केलेली कामं अशी: एलईडी बॅटन बदलणं, शेडमधले एक्झॉस्ट पंखे पुसणं, शिडी धरणं, स्टोअरमधून माल आणणं, ब्लोअरने पॅनेलची धूळ उडवणं (पॅनेल बंद असताना, आणि तेही दारापासून दोन हात लांबून) आणि दर तासाला मीटरचं रीडिंग वहीत लिहिणं. कॉन्टॅक्टर (जड लोड चालू-बंद करणारा चुंबकी स्विच) एकदाही उघडला नाही. मल्टिमीटर हातात आला तो दुसऱ्याला देण्यापुरता.

लॉगबुक कोरं होतं. त्यात रोज काय केलं ते लिहून आठवड्याला इन्चार्जची सही घ्यायची असते. पहिल्या आठवड्यात पान भरलं, सही 'उद्या बघू' वर राहिली, मग लिहिणंच थांबलं.

याचा दोष एकट्या मामावर टाकणं सोपं आहे, पण बरोबर नाही. इंजेक्शन मोल्डिंगचं मशीन थांबलं की बॅरलमधला माल गार होऊन बसतो. पुन्हा तापवून, खराब शॉट काढून मशीन लायनीवर यायला वेळ जातो, आणि त्या वेळाचा जाब वायरमनला द्यावा लागतो. शिकाऊ पोराच्या हातात पाना दिला आणि दहा मिनिटांच्या कामाला चाळीस लागली, तर उरलेली तीस मिनिटं मामाच्या नावावर चढतात. शिकवण्याबद्दल मात्र त्याला कुणी काही देत नाही. अशा व्यवस्थेत अनुभवी माणूस पोराला शिडीशीच उभं करणार.

नोव्हेंबरच्या शेवटी दुसऱ्या इलेक्ट्रिशियन उमेदवाराने सोडून जायचं ठरवलं. घणसोलीत फ्लॅटचं वायरिंग करणारा एक ठेकेदार त्याला ६०० रुपये रोज देत होता. सव्वीस दिवस भरले तर १५,६००. आपल्या उमेदवारालाही तिथे जागा होती, आणि उत्तर आठवडाभरात द्यायचं होतं.

समोरचे पर्याय

पहिला, ठेकेदाराकडे जाणं. पैसे दुपटीहून जास्त. पण शिकायला मिळणारं काम एकाच जातीचं: भिंतीला झिरी मारणं, कन्सील पाइप टाकणं, बॉक्स बसवणं, वायर ओढणं. लाइटला १.५ चौरस मिमी, १६ अँपिअरच्या सॉकेटला ४ चौरस मिमी, एसीला वेगळी लाइन, डीबीत (वितरण पेटीत) ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच). हे काम हलकं नाही आणि त्यात हात बसला तर आयुष्यभर पोट भरतं. मात्र मोटर, स्टार्टर, पॅनेल तिथे दिसत नाही. शिवाय करार मध्येच सोडला तर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र हातचं जातं. रेल्वेच्या लेव्हल १ भरतीत २० टक्के जागा उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी असतात, तो दरवाजाही बंद होतो.

दुसरा, शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी कार्यालयात तक्रार. कायद्याने हा मार्ग खुला आहे. करारातल्या वादात निर्णय शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे जातो. अडचण पुराव्याची होती. 'मला शिकवत नाहीत' हे दाखवायला लॉगबुक लागतं, आणि तेच कोरं. कोरं लॉगबुक कारखान्याच्या विरुद्ध जातं तसं उमेदवाराच्याही विरुद्ध जातं.

तिसरा, गप्प बसून वर्ष काढणं. पाहण्यात येणारी बहुतेक मुलं हेच करतात. परीक्षा पास होतात, प्रमाणपत्र मिळतं, आणि पहिल्या नोकरीच्या ट्रेड टेस्टमध्ये स्टार-डेल्टा (मोटर आधी कमी आणि मग पूर्ण व्होल्टेजवर चालवणारा स्टार्टर) जोडायला सांगितला की हात थांबतो.

चौथा, इन्चार्जकडे जाऊन काम मागणं. यात धोका एवढाच होता की इन्चार्ज 'बघू' म्हणेल आणि मामा दुखावेल.

उमेदवार आयटीआयतल्या आपल्या निदेशकांना जाऊन भेटला. त्यांचा सल्ला व्यवहारी होता: "शिकवत नाहीत म्हणून सांगू नकोस. काय शिकायचंय त्याचा कागद ने." दोघांनी अभ्यासक्रम समोर ठेवून बारा कामांची एक पानाची यादी केली. प्रत्येक कामापुढे तीन रकाने: पाहिलं, मदत केली, स्वतः केलं. यादीत डीओएल (मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर चालू करणारा) आणि स्टार-डेल्टा स्टार्टर, ओव्हरलोड रिलेचं (जादा करंट आला की मोटर बंद करणाऱ्या रिलेचं) सेटिंग, मोटरचं मेगर (इन्सुलेशनचं माप), केबल ग्लँड आणि लग क्रिंपिंग, मशीनच्या बॅरलवरचा बँड हीटर आणि थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) तपासणं, कपॅसिटर पॅनेल, अर्थ पिटचं माप, जनरेटरचं चेंजओव्हर, उच्चदाब बाजूची देखभाल वगैरे होतं. ठेकेदाराला नकार कळवला. घरी मात्र महिनाभर धुसफूस चालली.

काय केलं

कागद तयार झाला तरी इन्चार्जच्या टेबलापर्यंत तो आठवडाभर गेला नाही. तो गेला मीटरच्या वहीमुळे.

रीडिंगच्या वहीत पॉवर फॅक्टरचा (घेतलेल्या विजेतली प्रत्यक्ष कामाला लागते किती, हे सांगणाऱ्या आकड्याचा) रकाना असतो. चार महिने तो ०.९९ च्या आसपास लिहिला जात होता. डिसेंबरच्या सुरुवातीपासून तिथे ०.९१ येत होता. तिन्ही पाळ्यांत तो लिहिला जात होता आणि कुणी वाचत नव्हतं. उमेदवाराने मागची पानं उलटून पाहिली आणि इन्चार्जला तारखेसकट दाखवलं.

याचं मोल समजायला थोडा हिशेब करावा लागतो. महावितरणने एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर नेलं आहे, म्हणजे नुसत्या कामाला लागलेल्या नव्हे तर घेतलेल्या एकूण विजेवर. लोड ३०० किलोवॅट धरला तर ०.९९ ला ३०३ केव्हीए लागतात, ०.९१ ला ३३०. युनिटामागचं बिल सरळ नऊ टक्क्यांनी वाढतं. कामाला न लागणाऱ्या त्या विजेचा फरक कपॅसिटरने भरून काढायला साधारण ९४ केव्हीएआर लागतात, म्हणजे कपॅसिटर पॅनेलमधल्या ५० केव्हीएआरच्या दोन स्टेप (कंट्रोलर गरजेप्रमाणे जोडतो ते कपॅसिटरचे गट) गेल्या असाव्यात असा अंदाज कागदावरच निघाला. 'साहेब, दोन स्टेप मेल्या असतील' असं अप्रेंटिसने म्हटल्यावर इन्चार्जने त्याला मामाबरोबर पॅनेलवर पाठवलं. बारा कामांचा कागद त्याच दिवशी पुढे आला.

निदान असं झालं. कंट्रोलर सगळ्या स्टेप चालू दाखवत होता, कॉन्टॅक्टर ओढल्याचा आवाजही येत होता. कंट्रोलरला फक्त एवढंच माहीत असतं की आपण कॉन्टॅक्टरला हुकूम दिला. क्लॅम्प मीटर लावून प्रत्येक स्टेपचा करंट पाहिला. ५० केव्हीएआरचा कपॅसिटर ४१५ व्होल्टवर रेटेड असेल तर फेजला सुमारे ७० अँपिअर यायला हवेत. वर ४४० व्होल्टचा मार्क असेल तर ४१५ ला ६२ च्या आसपासच येतात, आणि त्याला बिघाड समजू नये. दोन स्टेपवर तिन्ही फेजला करंट जवळपास शून्य होता. एचआरसी फ्यूज उडालेले, आणि एका कॉन्टॅक्टरचे डॅम्पिंग रेझिस्टर (कपॅसिटर जोडतानाचा करंटचा झटका कमी करणारे) जळून काळे पडलेले. तिथे पूर्वी कधीतरी कपॅसिटर ड्युटीच्या ऐवजी साधा कॉन्टॅक्टर बसवला असता तर त्याची टोकं याहून लवकर चिकटली असती.

इथेच वर्षातला सगळ्यात वाईट क्षण येऊन गेला. मेन स्विच बंद झाल्याबरोबर उमेदवाराने फ्यूजच्या बुडाशी हात नेला. मामाने मनगट धरून हात मागे ओढला. टेस्टर आणि मल्टिमीटर दोन्ही लावून 'सप्लाय नाही' असं उमेदवाराने आधीच बघितलं होतं, त्यामुळे त्याला वाटलं आपण नियमाने चाललोय. चूक अशी होती की मल्टिमीटर एसी व्होल्टवर होता. कपॅसिटरमध्ये उरलेला भार डीसी असतो. एसी रेंजवर तो दिसत नाही आणि निऑन टेस्टरवर भरवसा नाही. डिस्चार्ज रेझिस्टर धड असेल तर व्होल्टेज काही मिनिटांत खाली येतं, पण बिघडलेल्या स्टेपमध्ये नेमका रेझिस्टरच तुटलेला असू शकतो. आयटीआयत हे पाठ असतं, पॅनेलसमोर आठवत नाही.

पुढे त्या पॅनेलवर क्रम ठरला: मेन बंद, स्वतःचं कुलूप आणि टॅग, घड्याळ लावून पाच मिनिटं थांबणं, मीटर डीसी ७५० किंवा १००० व्होल्टवर घेऊन तिन्ही जोड्यांत मोजणं, मग इन्सुलेटेड डिस्चार्ज रॉडने शॉर्ट करून अर्थला लावणं, आणि त्यानंतर हात. मामाचा स्वर त्या दिवसानंतर बदलला, आणि तो मऊ झाला असं मुळीच नाही. ज्या पोराचा हात आपण ओढला त्याला अर्धवट सोडायचं नाही, असं बहुधा त्याने ठरवलं असावं.

जानेवारीपासून कामं यादीप्रमाणे मिळू लागली. मोठी देखभाल शुक्रवारी, साप्ताहिक सुटीला व्हायची. त्या दिवशी पॅनेल खरोखर उघडी असतात. उमेदवाराने शुक्रवारी यायची तयारी दाखवली, पण एचआरने हरकत घेतली, आणि ती रास्त होती: सल्लागाराच्या मंजुरीशिवाय शिकाऊ उमेदवाराला जादा तास लावता येत नाहीत. तोड निघाली ती अशी की महिन्यातले दोन शुक्रवार तो येणार आणि त्या आठवड्यात बुधवारी सुटी घेणार.

फेब्रुवारीत कूलिंग टॉवरच्या १० एचपी पंपाचा स्टार-डेल्टा स्टार्टर नव्याने जोडायला त्याला दिला. पहिल्या जोडणीत पंप स्टारमध्ये फिरला, टाइमर पलटला आणि पंप मेला. ट्रिप नाही, धूर नाही, वेग उतरत गेला. कारण डेल्टा कॉन्टॅक्टरवर यू२ ला यू१ चाच फेज मिळत होता (यू१ आणि यू२ ही एकाच वाइंडिंगची दोन टोकं; व्ही आणि डब्ल्यूचंही तसंच). वाइंडिंगच्या दोन्ही टोकांना एकच फेज म्हणजे मध्ये व्होल्टेज शून्य. यू१ शी डब्ल्यू२, व्ही१ शी यू२, डब्ल्यू१ शी व्ही२, अशी फेर धरून जोडणी हवी. ही चूक इतकी नेहमीची आहे की तिचं लक्षणच पाठ करून ठेवावं: स्टारला जिवंत, डेल्टाला मेलेली मोटर.

दुसरी चूक इन्चार्जच्या नजरेला आली. नेमप्लेटवर १४.५ अँपिअर, म्हणून उमेदवाराने ओव्हरलोड रिले १४.५ वर लावला. रिले डेल्टाच्या आत, वाइंडिंगच्या वाटेवर बसवलेला होता. तिथे लाइन करंटचा ०.५८ पट वाहतो, म्हणजे ८.४. तसाच ठेवला असता तर मोटर जळून गेली असती आणि रिले बघत बसला असता.

बाकीची कामं भराभर झाली. मोटरचं मेगर ५०० व्होल्टवर, एक मेगओमच्या खाली आलं तर मोटर चढवायची नाही. एक किलोवॅटचा बँड हीटर २३० व्होल्टचा असेल तर थंड असताना साधारण ५३ ओम दाखवायला हवा. लग क्रिंप केल्यावर वायर ओढून बघायची. अर्थ पिटचं (अर्थिंगच्या खड्ड्याच्या रोधाचं) माप मेमध्ये घेतलं, जमीन सुकलेली असताना, कारण पावसाळ्यात घेतलेलं माप गोड दिसतं. आवारात सगळीकडे काँक्रीट, मापासाठीच्या खुंट्या ठोकायला माती नाही. शेवटी गेटबाहेर गटाराच्या कडेने तार नेली. एका पिटचं माप शेजारच्यापेक्षा तिप्पट आलं. पिट चांगला होता, वरचा पट्टीचा बोल्ट गंजला होता.

निष्पत्ती

ऑगस्ट २०२३ ला करार संपला तेव्हा बारा कामांपैकी नऊ 'स्वतः केलं' मध्ये होती. जनरेटरचं चेंजओव्हर 'मदत केली' वर राहिलं. केबल जॉइंटिंग बाहेरचा जॉइंटर येऊन करतो, ते फक्त पाहायला मिळालं. उच्चदाब बाजूला हात लावू दिला नाही, आणि तसंच योग्य होतं. अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा तो पास झाला.

कारखान्याने त्याला कामावर घेतलं नाही. उमेदवारी संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन कायद्यात नाही आणि करारातही नव्हतं. घरच्यांची तशी समजूत मात्र शेवटपर्यंत होती. दोन महिने घरी काढल्यावर तो ऐरोलीत एका इमारतीच्या देखभालीला, कंत्राटदारामार्फत शिफ्ट इलेक्ट्रिशियन म्हणून लागला. मुलाखतीत त्याला कपॅसिटर पॅनेल उघडण्याचा क्रम विचारला होता.

सोडून गेलेला दुसरा मुलगा त्या काळात याच्यापेक्षा जास्त कमवत होता. त्याला अडचण आली ती तारतंत्री (वायरमनच्या) परवान्याच्या वेळी. अनुभवाचा दाखला परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा लागतो, आणि त्याचा ठेकेदार दुसऱ्याच्या परवान्यावर काम करत होता. वर्षभराचं काम कागदावर आणायला त्याला बरीच यातायात पडली.

काय वेगळं करता आलं असतं

यादी पहिल्या आठवड्यात जायला हवी होती. चौथ्या महिन्यात ती गाऱ्हाण्यासारखी दिसते, पहिल्या आठवड्यात वेळापत्रकासारखी दिसली असती. पॉवर फॅक्टर पडला नसता तर ती कदाचित खिशातच राहिली असती. योगायोगावर मिळालेलं यश म्हणून ते तसंच मोजायला हवं.

लॉगबुक सही होवो न होवो, रोज लिहायला हवं होतं. 'आज आठ बॅटन बदलले, शिडी धरली' हीसुद्धा नोंद आहे. चार महिने तीच नोंद दिसली असती तर तक्रारीचा दुसरा पर्याय खरा झाला असता. कराराची प्रत, शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक आणि विद्यावेतन जमा झाल्याच्या नोंदी एका फाइलमध्ये हव्यात, त्याही पहिल्या महिन्यापासून.

इन्चार्जने शिकवण्याचा वेळ वायरमनच्या कामात धरायला हवा होता. बंद पडलेलं मशीन दुरुस्त करताना शिकवणं कठीणच, पण काढलेला जुना स्टार्टर टेबलावर ठेवून तो उघडायला-जोडायला अर्धा तास पुरतो. असे तीन-चार स्टार्टर त्या स्टोअरमध्ये भंगाराची वाट बघत पडले होते. त्यांच्यावर ऑगस्टमध्येच हात बसला असता तर फेब्रुवारीतली डेल्टाची चूक पंपावर झाली नसती.

कपॅसिटरच्या प्रसंगाची लेखी नोंद झाली नाही. 'काही झालं नाही ना' म्हणून विषय मिटला. क्रम पाळला जाऊ लागला, पण तो मामाच्या धाकावर. मामा सुटीवर असताना दुसऱ्या पाळीत तो पाळला गेला का, हे कुणी तपासलं नाही. पॅनेलच्या दारावर पाच ओळींची पाटी लावायला काही खर्च नव्हता.

आणि मीटर. उमेदवाराने बाजारातून घेतलेला दोनशे-अडीचशे रुपयांचा पिवळा मल्टिमीटर पॅनेलवर वापरला जात होता. असले मीटर बॅटरी आणि घरगुती बारीकसारीक कामाला ठीक असतात. त्यांच्या आत बहुधा धड फ्यूजही नसतो, आणि फॉल्ट लेव्हल मोठी असलेल्या (म्हणजे शॉर्ट झाला तर प्रचंड करंट वाहणाऱ्या) बसबारवर प्रोब चुकला तर मीटर हातातच फुटतो. तिथे कॅट थ्री (पॅनेल आणि बसबारवरच्या मापासाठीचा सुरक्षा-दर्जा), ६०० व्होल्टचा मीटर लागतो. तो उमेदवाराने ७,००० रुपयांतून घ्यायचा नसून कारखान्याने द्यायचा असतो. मार्चमध्ये तो आला, आणि मामाने त्याच्या पाठीवर खोडता न येणाऱ्या पेनने लिहिलं: 'कपॅसिटर – डीसी'.